शरदातील पक्षी स्थलांतर आणि बियाण्याचे औषध : फाल्स्टर्बो केंद्रातील मोजणी

भाद्रपदात गौरी-गणपती आटोपले की आपल्या शिवारात काही नवे पाहुणे दिसू लागतात. ओढ्याच्या काठाने शेपटी वरखाली हलवीत धोबी पक्षी फिरू लागतो. माळावर गवताच्या शेंड्यांना घासून जावे इतक्या खालून भोवत्या तरंगताना दिसतो. भोरड्यांचे थवेही याच दिवसांत उतरू लागतात आणि पुढे ज्वारी दाण्यात आली की गोफण घेऊन माचाणावर कोणाला तरी बसवावे लागते. रब्बी ज्वारीची पेरणी आणि या पाहुण्यांचे आगमन यांची वेळ जवळजवळ एकच असते. पेरलेले, सांडलेले, औषध लावलेले दाणे आणि लांबून आलेले भुकेले पक्षी असे दोन्ही एकाच रानात, एकाच वेळी असतात.

हे पक्षी उत्तरेकडून येतात एवढे बहुतेक शेतकरी बंधूंना ठाऊक असते. परंतु ते निघतात कसे, त्यांची मोजदाद कोण करतो आणि त्या मोजदादीचा शेतीशी काय संबंध, याविषयी फारसे लिहिले जात नाही. प्रस्तुत लेखात स्वीडन देशातील फाल्स्टर्बो या समुद्रकाठच्या पक्षी निरीक्षण केंद्राची माहिती दिली आहे. तेथून जाणारे बहुसंख्य पक्षी आपल्याकडे येत नाहीत, ते दक्षिण युरोप व आफ्रिकेकडे जातात, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. तरीही हेच केंद्र निवडण्याचे कारण असे की, शेतात वापरलेल्या औषधाचा परिणाम आकाशातल्या पक्ष्यांवर कसा होतो, हे वर्षानुवर्षांच्या आकड्यांतून दाखवून देणाऱ्या जगातील मोजक्या ठिकाणांपैकी हे एक आहे.

जमिनीचे टोक आणि पक्ष्यांची गर्दी

फाल्स्टर्बो हे स्वीडनच्या अगदी नैर्ऋत्य टोकावरील गाव. ते ज्या स्कोने प्रांतात आहे तो त्या देशाचा सुपीक पट्टा होय. गहू, बार्ली, मोहरीवर्गीय तेलबिया आणि साखरेसाठी शुगर बीट ही तेथील मुख्य पिके. या प्रांताचे एक चिंचोळे, वाळूचे टोक समुद्रात घुसले आहे. टोकावर एक जुने दीपगृह आहे, त्याची सध्याची इमारत १७९५-९६ मधील आहे. त्यापलीकडे समुद्र, आणि सुमारे २५ किलोमीटरवर डेन्मार्कचा किनारा.

उत्तरेकडे हिवाळ्यात दिवस अगदी आखूड होतात, जमीन गोठते, किडे नाहीसे होतात. उपासमार टाळण्यासाठी पक्षी दक्षिणेकडे निघतात. थंडीपेक्षा भूक हे स्थलांतराचे खरे कारण आहे. दर शरदात नॉर्वे, स्वीडन व फिनलंडच्या बाजूने सुमारे ५० कोटी पक्षी दक्षिणेस जातात असा अंदाज करण्यात येतो. ते देशभरातून पसरून निघतात. परंतु दिवसा उडणारे बरेच पक्षी, विशेषतः शिकारी पक्षी, समुद्र ओलांडायला नाखूष असतात. किनारा लागला की ते किनाऱ्याकिनाऱ्याने जमिनीवरूनच पुढे सरकतात. जमीन जसजशी निमुळती होत जाते तसतशी त्यांची गर्दी वाढते, आणि शेवटी सारे एका टोकाशी येऊन ठेपतात. पावसाळ्यात साऱ्या वावराचे पाणी बांधाच्या एका सांडीतून बाहेर पडते, तसाच हा प्रकार. पाणी किती वाहून गेले हे पाहायचे असेल तर वावरभर हिंडण्यापेक्षा सांडीपाशी उभे राहणे सोयीचे.

घार, गरुड, बाज यांसारखे रुंद पंखांचे पक्षी समुद्राला का बिचकतात, हे समजून घेण्यासारखे आहे. हे पक्षी पंख मारून फारसे उडत नाहीत. ऊन तापले की जमिनीवरून गरम हवा वर चढते, तिच्या आधाराने ते गोल फिरत उंच जातात आणि तेथून पुढे घसरत जातात. उन्हाळ्यात आपल्या नांगरटीवरून वावटळ उठते ती या गरम हवेचीच. तीत सापडलेले पाचट किती उंच जाते ते आपण पाहिलेच आहे. समुद्राच्या पाण्यावर अशी हवा फारशी उठत नाही. म्हणून हे पक्षी टोकाजवळ थांबतात, सकाळी उशिरा ऊन चढल्यावर घिरट्या घेत उंची गाठतात आणि मगच पलीकडे झेप घेतात. ढगाळ दिवशी कित्येक जण परत फिरून मागच्या शेतांत व झाडीत मुक्काम करतात. भराभर पंख मारणारा चिमणमार बाज, म्हणजे आपल्या शिकऱ्याचा उत्तरेकडील भाऊबंद, मात्र फारसा न थांबता निघून जातो.

एका हंगामाचा क्रम

तेथील शरद हंगाम आपल्या श्रावण-भाद्रपदातच सुरू होतो. ऑगस्टमध्ये लांब पल्ल्याचे प्रवासी प्रथम निघतात. आफ्रिकेत जाणारे पिवळे धोबी, तिरचिमण्या आणि भिंगऱ्या यांची ही वेळ. गांधीलमाश्यांची पोळी उकरून अळ्या खाणारा मधुबाज ऑगस्टअखेर निघतो. यात एक गंमत अशी की, मोठी जोडपी आधी जातात आणि त्या वर्षीची पिले दोन-तीन आठवड्यांनी, सप्टेंबरच्या मध्याला, वाट दाखवणारे कोणी नसताना आपली आपण निघतात. आफ्रिकेची दिशा त्यांना जन्मतःच ठाऊक असते. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांचा आधार पक्षी घेतात, असे प्रयोगांती सिद्ध झाले आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जवळच्या पल्ल्याचे प्रवासी येतात. चिमणीएवढा चॅफिंच आणि त्याचा सोबती ब्रॅम्बलिंग यांचे थवे एवढे मोठे असतात की एखाद्या सकाळी त्यांची संख्या लाखांत जाते. ऑक्टोबरात रानकबुतरांचे काळसर पट्टे आकाशातून सरकत राहतात, उत्तर ध्रुवाकडील हंस येतात, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गर्दी ओसरते.

वाऱ्याचा यात मोठा वाटा असतो. वारा पाठीमागून असेल तर लहान पक्षी फार उंचावरून, समुद्राची पर्वा न करता जातात आणि खालच्या माणसाला ते दिसतही नाहीत. समोरून, म्हणजे नैर्ऋत्येकडून, मध्यम वारा असेल तर ते जमिनीलगत उडतात, किनारा धरतात आणि मोजता येतात. म्हणजे ज्या दिवशी जास्त पक्षी मोजले त्या दिवशी खरोखर जास्त गेले असे म्हणता येत नाही. एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे म्हणजे मृगाच्या एका सरीवरून वर्षाचा पाऊस सांगण्यासारखे आहे. पर्जन्यमापकाचे आकडे तीस-चाळीस वर्षांचे असावे लागतात, तसेच हे.

मोजणीची पद्धत

गुस्ताफ रुडेबेक या अभ्यासकाने १९४२ ते १९४४ या महायुद्धाच्या वर्षांत येथे शिकारी पक्ष्यांची पद्धतशीर नोंद केली. पुढे १९४९ ते १९६० या काळातही मोजण्या झाल्या. पक्षी केंद्राची स्थापना १९५५ ची असून ते स्कोने प्रांतातील पक्षी अभ्यासकांच्या मंडळातर्फे चालविण्यात येते. १९७३ पासून मात्र दर शरदात न चुकता, एकाच जागी, एकाच पद्धतीने मोजणी होत आली आहे. गुन्नार रूस यांनी सुरुवातीची अनेक वर्षे हे काम जवळजवळ एकहाती केले.

पद्धत साधी आहे. ऑगस्टपासून २० नोव्हेंबरपर्यंत रोज पहाटे उजाडण्यापूर्वी मोजणीदार टोकावर जाऊन उभा राहतो. हाती दुर्बीण आणि वही. समुद्राकडे निघून जाणारा प्रत्येक पक्षी जातवार टिपायचा आणि दुपारपर्यंत तेथून हलायचे नाही. ऊन, पाऊस, थंडी, रविवार काहीही असो. शेजारीच गोल्फचे मैदान आहे. एकीकडे चेंडू टोलवणारी मंडळी आणि दुसरीकडे आकाशाकडे मान वर करून उभी असलेली ही मंडळी, असे दृश्य तेथे असते. कोणाचे काम अधिक उपयोगी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरे काम दीपगृहाभोवतीच्या बागेत चालते. उघड्या वाळूच्या टोकावर झाडाझुडपांचा हा एकच लहानसा पुंजका. रात्रभर उडून थकलेले लहान पक्षी पहाटे त्यात उतरतात. तेथे उजाडण्यापूर्वी बारीक धाग्याची उभी जाळी लावतात. जाळीत अडकलेला पक्षी थोड्या थोड्या वेळाने हलकेच सोडवून आणतात, त्याच्या पायात नंबर घातलेले हलके कडे घालतात, जात, नर-मादी, वय, पंखाची लांबी आणि वजन यांची नोंद करून लगेच सोडून देतात. छातीवरच्या पिसांवर फुंकर मारली की कातडीखालची पिवळसर चरबी दिसते. ही चरबी म्हणजे प्रवासाची शिदोरी. सोनशेंडी नावाने ओळखता येईल असा, डोक्यावर पिवळी रेघ असलेला गोल्डक्रेस्ट हा पक्षी पाच-सहा ग्रॅमचाच असतो, पण तोही या शिदोरीवर समुद्र पार करतो. १९८० पासून ही जाळीही दरवर्षी त्याच तारखांना व त्याच जागी लावली जात असल्यामुळे एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करता येते. कडे घालण्याची पद्धत १८९९ मध्ये डेन्मार्कमधील एका शाळामास्तराने, मोर्टेन्सेन यांनी, साळुंकीच्या कुळातील स्टारलिंग पक्ष्यांवर प्रथम पद्धतशीरपणे वापरली.

आणखी एक गोष्ट मोजतात. उडत्या शिकारी पक्ष्याच्या पिसांवरून तो या वर्षीचे पिलू आहे की मोठा पक्षी, हे जाणकाराला ओळखता येते. शंभरात पिले किती, यावरून त्या वर्षीची वीण कशी झाली ते कळते. कळपात वासरे किती हे पाहून गुराखी सांगतो तसेच.

बियाण्यापासून बाजापर्यंत

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बियाण्यावरून पसरणाऱ्या बुरशीजन्य रोगांवर उपाय म्हणून स्वीडनमध्ये १९४० च्या सुमारास पारायुक्त बुरशीनाशके आली. त्यांत मिथाइल पारा असलेले औषध सर्वांत प्रभावी आणि वापरायला सोपे ठरले. काही वर्षांतच तेथील बहुतेक गहू-बार्लीचे बियाणे, रोग असो वा नसो, या औषधात घोळून पेरले जाऊ लागले. पीक चांगले उगवे. तक्रारीला जागा नव्हती.

१९५० नंतर शेतांच्या कडेला मेलेली कबुतरे, तितर कुळातील फेझंट आणि दाणे टिपणारे लहान पक्षी सापडू लागले. मागोमाग त्यांना खाणारे बाज, ससाणे आणि घुबडे. तपासणीत त्यांच्या यकृतात व मूत्रपिंडात पारा आढळून आला. मिथाइल पारा शरीराबाहेर लवकर पडत नाही. कबुतराने टिपलेल्या शेकडो दाण्यांतला पारा कबुतरात साठतो, आणि अशी अनेक कबुतरे खाल्ल्यावर तो बाजात साठतो. पायरीपायरीने मात्रा वाढत जाते. ज्याने बियाण्याला औषध चोळले त्याच्या मनात बाजाला मारण्याचा विचारही नव्हता.

तरी शंका घेणारे होतेच. पारा निसर्गातही असतो, पूर्वीही पक्ष्यांत असेल, असे म्हणणे होते. याचे उत्तर शास्त्रज्ञांनी मोठ्या युक्तीने शोधले. पीस वाढत असताना रक्तातला पारा त्यात उतरतो आणि पीस पूर्ण वाढल्यावर तेथेच कायम राहतो. संग्रहालयांत शंभर वर्षांपूर्वीचे पेंढा भरलेले पक्षी जपून ठेवलेले होते, त्यांची पिसे तपासण्यात आली. मोठ्या बाजाच्या पिसांतील पाऱ्याचे प्रमाण १८६० च्या दशकापासून १९४० पर्यंत जवळजवळ सारखेच होते. १९४० नंतरच्या पिसांत ते दहा ते वीसपट झालेले आढळले. हा अहवाल १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास स्वीडनमधील कोंबडीच्या अंड्यांत शेजारच्या देशांतील अंड्यांपेक्षा पारा बराच जास्त असल्याचे दिसून आले. कोंबड्यांना खाऊ घातलेले धान्य हे त्याचे कारण. हे कळल्यावर प्रश्न केवळ पक्षीप्रेमी मंडळींचा राहिला नाही, तो प्रत्येकाच्या ताटात आला. १९६६ मध्येच बियाण्यासाठी मिथाइल पाऱ्याच्या वापरावर बंदी घालण्यात आली.

दुसरे संकट डीडीटीचे होते. डीडीटीपासून शरीरात तयार होणाऱ्या द्रव्यामुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच पातळ होते आणि उबवायला बसलेल्या मादीच्या वजनानेच अंडी फुटतात. इंग्लंडमध्ये रॅटक्लिफ यांनी हे १९६७ मध्ये दाखवून दिले. स्वीडनने १९७० पासून डीडीटीवर निर्बंध घातले.

बंदीचा उपयोग झाला की नाही हे सांगणार कोण? देशभर जंगलात विखुरलेली बाजांची घरटी मोजणे कोणालाही शक्य नव्हते. येथे फाल्स्टर्बोची वही कामाला आली. १९४२ पासून १९९७ पर्यंतच्या मोजण्या एकत्र मांडून केलेला केलेन व रूस यांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. युद्धकाळात भरपूर दिसणारा चिमणमार बाज पुढच्या दशकांत घटला आणि निर्बंधांनंतर, १९७० च्या दशकापासून, पुन्हा वाढत गेला. दलदलीतला भोवत्या, जो हिवाळ्यात आपल्या तलावांवरही दिसतो, तोही वाढला. बहिरी ससाणा स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात अगदी थोड्या जोड्यांवर आला होता. पिंजऱ्यात पिले वाढवून सोडण्याचे प्रयत्नही त्याच्यासाठी करावे लागले, आणि तो टिकला. तांबडी घार सत्तरच्या दशकात टोकावरून मोजकीच जाई, आता एका हंगामात तिची संख्या हजारांच्या घरात जाते. तिच्या बाबतीत शिकार थांबणे आणि हिवाळ्यात खाद्य पुरवणे हीही कारणे आहेत, सारे श्रेय औषधबंदीला देता येणार नाही.

सगळेच चित्र चांगले नाही. मधुबाजाची संख्या घटली. स्टारलिंगचे थवेही आटले. हा पक्षी गुरांनी चरलेल्या आखूड गवतातल्या अळ्या खातो. तेथे लहान गोठे बंद पडले, कायमची कुरणे मोडली, आणि पिलांना चारायला अळ्या मिळेनाशा झाल्या. कोणतेही विष न घालता, केवळ शेतीची घडी बदलल्यानेही पक्षी कमी होतात, हेही त्याच वहीने दाखवले. औषध बंद करता येते. मोडलेले कुरण आणि विकलेली गुरे परत आणणे त्याहून कठीण.

हेच औषध, माणसांच्या भाकरीत

पक्ष्यांनी दिलेली सूचना सर्वत्र पोहोचली नाही. इराकमध्ये १९७१ साली दुष्काळानंतर मिथाइल पारा लावलेले गहू-बार्लीचे बियाणे परदेशातून मागवण्यात आले. ते पोहोचले उशिरा. अनेकांची पेरणी उरकली होती आणि घरात धान्य नव्हते. पोत्यांवरील सूचना परक्या भाषांत छापलेल्या होत्या. धोक्यासाठी दाण्यांना लाल रंग दिला होता. पाण्यात धुतल्यावर रंग गेला, तेव्हा विषही गेले असे लोकांना वाटले. काहींनी आधी कोंबड्यांना घालून पाहिले, चार दिवसांत काही झाले नाही. मिथाइल पाऱ्याची लक्षणे कित्येक आठवड्यांनी दिसतात हे त्यांना कोण सांगणार? त्या पिठाची भाकरी खाऊन १९७१-७२ च्या हिवाळ्यात ६,५३० रुग्ण इस्पितळांत दाखल झाले आणि त्यांपैकी ४५९ दगावले, अशी अधिकृत नोंद आहे. प्रथम हातापायांना बधिरता, मग तोल जाणे, मग दृष्टी जाणे. स्वीडनमध्ये मेलेली कबुतरे सापडून तेव्हा पंधरा-वीस वर्षे झाली होती.

आपल्याकडे पारायुक्त औषधे नवीन नाहीत. उसाच्या बेण्याला ॲरेटान किंवा एमिसानच्या द्रावणात बुडवण्याची शिफारस अनेक वर्षे होती. आमच्या लहानपणी लागणीच्या दिवशी मोठ्या पिंपात हे पाणी कालवलेले असे आणि गडी माणसे उघड्या हातांनी टिपरी बुडवून काढीत. दुपारी त्याच हातांनी, फार तर पाटाच्या पाण्यात बुचकळून, भाकरी खात. हातमोजे हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. एमिसान व ॲरेटानमधील मिथॉक्सी इथाइल पारा हा मिथाइल पाऱ्याइतका टिकाऊ नसतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. त्याच्याही वापरावर भारत सरकारने २०१८ मध्ये बंदी घातली. शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ पासून बंद आहे.

याचा अर्थ बीजप्रक्रिया सोडून द्यावी असा मुळीच नाही. बीजप्रक्रियेइतका स्वस्त आणि थोड्या औषधात होणारा पीक संरक्षणाचा उपाय दुसरा नाही. उभ्या पिकावर फवारणी करण्यापेक्षा औषधही फार कमी लागते. ज्वारीच्या काणी रोगासाठी ३०० मेश गंधकाची भुकटी प्रति किलो बियाण्यास ४ ग्रॅम या प्रमाणात चोळावी, ही जुनी शिफारस आजही तितकीच उपयोगी आहे, आणि गंधकापासून पाऱ्यासारखा धोका नाही. स्वीडनची चूक औषध वापरण्यात नव्हती. गरज असो वा नसो, सरसकट सगळ्या बियाण्याला, वर्षानुवर्षे, न टिपता न तपासता तेच औषध लावत राहणे ही ती चूक होती.

आपल्याकडे आज थायरम, कार्बेन्डॅझिम यांसारखी बुरशीनाशके आणि इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशके बियाण्याला लावतात. ती पाऱ्यासारखी वर्षानुवर्षे साठत नाहीत, परंतु उघड्यावर पडलेले औषध लावलेले दाणे, विशेषतः कीटकनाशक लावलेले, पक्ष्यांना घातक ठरतात. पेरणीच्या दिवसांत मोर मेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यांतील काहींचे कारण हे असते. म्हणून बियाणे योग्य खोलीवर पडेल आणि मातीने झाकले जाईल याकडे लक्ष द्यावे. पाभर वळवताना बांधाच्या कडेला दाणे सांडतात, ते माती ओढून गाडावेत. ही जागा सर्वांत धोक्याची, कारण पक्षी प्रथम बांधावर उतरतात. उरलेले औषध लावलेले बियाणे धुऊन दळू नये, कोंबड्यांना अथवा जनावरांना घालू नये, बाजारात तर मुळीच नेऊ नये. शक्यतो लागेल तेवढ्याच बियाण्यावर प्रक्रिया करावी. रिकामी पिशवी घरात धान्यासाठी वापरू नये. प्रक्रिया करताना हातमोजे नसतील तर निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांना बांधाव्यात आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

आपल्या शिवारातील नोंद

आपल्या देशातही समुद्रकाठचे असे केंद्र आहे. तमिळनाडूत कोडिक्कराई येथे, जेथे पूर्व किनारा एकदम वळतो त्या टोकाजवळ, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अनेक वर्षे पक्ष्यांना कडी घालण्याचे काम केले आहे. डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने या संस्थेची स्थलांतर अभ्यासाची मोठी योजना १९५९ मध्ये सुरू झाली, तीही एका रोगाच्या शोधातून. कर्नाटकात १९५७ साली क्यासनूर जंगल ताप उद्भवला होता. उत्तरेकडून येणारे पक्षी त्याच्या गोचिडी घेऊन येतात की काय, हे तपासायचे होते. हाच माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गातही काजूच्या बागांतील लोकांना त्रास देत आहे, म्हणून येथे उल्लेख केला.

फाल्स्टर्बोसारखी मोजणी करायला समुद्रच लागतो असे नाही. जागा, वेळ आणि पद्धत न बदलणे एवढेच लागते. आपल्या विहिरीजवळचे एक ठिकाण ठरवावे. दर आठवड्याला एका ठरावीक वारी, सकाळी अर्धा तास, दिसतील तेवढे धोबी, भोवत्ये, भिंगऱ्या व भोरड्या मोजून वहीत तारखेसह लिहाव्यात. शेजारच्या रकान्यात त्या आठवड्यात शेतात काय पेरले, काय फवारले तेही लिहावे. पहिला धोबी कोणत्या तारखेला दिसला आणि शेवटची भोरडी केव्हा गेली, ही दोन टिपणे तरी ठेवावीत. शाळेत जाणारी मुले हे काम आपल्यापेक्षा चोख करतात, त्यांची नजरही तीक्ष्ण असते. एका वर्षाच्या आकड्यांतून काही निघणार नाही, दहा वर्षांच्या आकड्यांतून निघेल. भोरडी दाणे खाते म्हणून तिची नोंद टाळू नये. मध्य आशियात वीण करताना हीच भोरडी टोळांचा फडशा पाडते, आणि चीनच्या सिंकियांग प्रांतात तिने घरटी करावीत म्हणून दगडांचे ढीग मुद्दाम रचून ठेवतात.

पायात कडे असलेला पक्षी आढळल्यास पुढीलप्रमाणे करावे. पक्षी जिवंत असेल तर कडे काढू नये, त्यावरील अक्षरे व आकडे जसेच्या तसे उतरून घ्यावेत आणि पक्षी सोडून द्यावा. मेलेला असेल तर कडे काढून सपाट करून जपून ठेवावे. सापडल्याची तारीख, गाव, तालुका, जिल्हा आणि पक्षी कसा सापडला, म्हणजे जाळ्यात, विजेच्या तारेला, मांजराच्या तोंडी की शेतात मरून पडलेला, ही माहिती मुंबई येथील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पत्राने कळवावी. कड्यावर परदेशातील पत्ता असला तरी माहिती याच संस्थेकडे पाठविल्यास ती पुढे पोहोचविली जाते. पक्षी शेतात मरून पडलेला असेल तर जवळपास कोणते बियाणे पेरले होते आणि त्याला काय लावले होते, तेही पत्रात अवश्य लिहावे.